निवृत्ती ३१ मार्चला, नियम दर फेब्रुवारीला. हिशेब कसा जमवताय?

उत्तरायण | १० जानेवारी २०२६, रात्री ९:५२

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. स्वतःचा धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

येत्या ३१ मार्चला निवृत्त होतोय. एकच खासगी कंपनी, छत्तीस वर्षं. पीएफ, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, थोडे म्युच्युअल फंड, राहता फ्लॅट आणि वडिलांकडून आलेला एक जुना फ्लॅट, एवढा पसारा. बायको ५६ ची, नोकरी करत नाही. मुलगी परदेशात, मुलगा इथेच. आई ८४ वर्षांची, धाकट्या भावाकडे असते.

निवृत्तीचं गणित मी २०२० पासून एका वहीत मांडतोय. लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानातल्या खतावणीसारखी. परवा ती पहिल्यापासून चाळली आणि हसूच आलं. डेट फंडांपुढे ‘तीन वर्षांनी इंडेक्सेशन, निर्धास्त’ असं लिहिलंय. म्हणजे महागाईच्या प्रमाणात खरेदी किंमत वाढवून मग नफा मोजायचा. एप्रिल २०२३ पासूनच्या खरेदीला ते गेलं, ओळ खोडली. फ्लॅटापुढेही तोच शब्द होता, तो २३ जुलै २०२४ च्या बजेटने खोडायला लावला. पंधरा दिवसांत सरकारने घरांपुरतं अर्धं मागे घेतलं, तेव्हा खोडलेल्या शब्दाखाली टिंबं देऊन ‘कायम’ लिहिलं. करबचतीच्या ८०सी कलमाचं अख्खं पान नवीन करपद्धतीत गेल्यावर आडवी रेघ मारून बंद केलं. आणि आता १ एप्रिलपासून, म्हणजे माझ्या रिकामपणाच्या पहिल्याच दिवशी, १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन २०२५ चा लागू होतोय. बजेटही तोंडावर आहे.

प्रश्न असा, की एवढं सगळं हलतं असताना पुढच्या पंचवीस वर्षांचं नियोजन करायचं कशाच्या जोरावर? दुसरं, वारसा कर परत येणार असं दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं. तो यायच्या आत वडिलांचा फ्लॅट मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करून टाकावा, असं डोक्यात आहे. विकला तर किती कर बसेल तेही वहीत काढून ठेवलंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टीडीएस_काका | १० जानेवारी, रात्री १०:३१

अभिनंदन! आता सकाळी आठच्या आत अंघोळ करायची सक्ती उरली नाही, हा सगळ्यात मोठा करमुक्त लाभ.

वही फेकू नका, पण एवढं घाबरूही नका. तुमच्याकडे येणारे पैसे तर नियम पाळून करमुक्तच येणार आहेत. ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत. रजेच्या पैशांची मर्यादा खासगी नोकरीसाठी वर्षानुवर्षं ३ लाख होती, ती १ एप्रिल २०२३ पासून २५ लाख झाली. सरासरी पगाराचं वगैरे त्यात सूत्र आहे, कंपनीचे लोक काढून देतील. पीएफ पाच वर्षांच्या पुढच्या नोकरीला करमुक्त. मात्र निवृत्तीनंतर पीएफ तसाच पडू दिलात, तर त्यापुढच्या व्याजावर कर लागतो, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

पुढचं उत्पन्न. नवीन पद्धतीत या वर्षी १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलत मिळून कर शून्य होतो. पेन्शन असली तर वर ७५ हजारांची प्रमाणित वजावट. तुमची पेन्शन ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेतली, चहापाण्यापुरती. खरं उत्पन्न व्याजाचंच राहील. पोस्टातल्या किंवा बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख ठेवलेत, तर आजच्या ८.२ टक्क्यांनी वर्षाला २,४६,००० म्हणजे दर तिमाहीला ६१,५०० रुपये. हा दर पाच वर्षं बदलत नाही. तुम्ही जे न हलणारं शोधताय ना, ते असल्या ठिकाणी आहे.

दोन खड्डे सांगून ठेवतो. शेअर आणि इक्विटी फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या पुढे १२.५ टक्के. या नफ्याच्या करावर १२ लाखांवाली सवलत मिळत नाही, पण १२ लाखांची मर्यादा मोजताना तो नफा मात्र धरतात. म्हणजे वाढताना ताटात नाही आणि ताटं मोजताना पंगतीत! फंड विकायचे तर दरवर्षी थोडे थोडे विका.

दुसरा खड्डा बायकोच्या नावाचा. ती ५६ ची आहे, त्यामुळे ज्येष्ठ योजनेत तिचं स्वतंत्र खातं आज निघणार नाही. तुमचे पैसे तिच्या नावाने एफडीत टाकलेत, तर व्याज फिरून तुमच्याच उत्पन्नात धरलं जाईल. सज्ञान मुलांना दिलं तर तसं होत नाही. कायद्याला नवऱ्याचं प्रेम संशयास्पद वाटतं, मुलांवरचं चालतं.

अर्धवटराव | ११ जानेवारी, सकाळी ७:१५

काकांचं पंगतीचं उदाहरण भारी. वाचनखूण साठवली.

माझा बाळबोध प्रश्न. हे मृत्युपत्र-बित्र करायची गरज काय? आपण गेलो की सगळं बायकोलाच जातं ना? सगळीकडे नॉमिनी तीच आहे.

वकीलीणबाई | ११ जानेवारी, दुपारी १:०४

नाही, अर्धवटराव. आणि हा गैरसमज बाळगणारे तुम्ही एकटे नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातले सात जण हेच वाक्य बोलतात, शब्द न शब्द.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या वारसा कायद्याने पहिल्या वर्गातले वारस सगळे एकदम आणि सारखे. बायको, मुलगे, मुली आणि आई. आई! बाप त्या वर्गात नाही, आई आहे. म्हणजे तुमची आई हयात असेल, तर तुमच्या फ्लॅटात तिचा बायकोइतकाच वाटा. आणि पुढे आई गेली, की तिचा तो वाटा तिच्या वारसांकडे, म्हणजे तुमच्या भावाबहिणींकडेही जातो. कुणाच्याही मनात नसताना फ्लॅटाचा एक तुकडा दिराच्या नावावर लागलेला मी पाहिलाय. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी यांचे नियम वेगळे आहेत. मुस्लिम व्यक्तीला तर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही.

आता नॉमिनी. नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेऊन योग्य माणसापर्यंत पोहोचवणारा, मालक नव्हे. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्ये सांगितलं, शेअरच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. विम्यात २०१५ नंतर थोडा फरक पडला: आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच. बाकी ठिकाणी नॉमिनी म्हणजे भालदार, राजा नाही.

धागाकर्त्यांना एक विचारते. वडिलांचा फ्लॅट तुमच्याकडे कसा आला? मृत्युपत्राने?

उत्तरायण | ११ जानेवारी, रात्री ८:४०

वकीलीणबाई, धन्यवाद. वडील २०१९ मध्ये गेले. मृत्युपत्र नव्हतं. सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव होतं, त्यामुळे सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव लावून दिलं. मेंटेनन्स, मालमत्ता कर सगळं तेव्हापासून मीच भरतो. आम्ही दोघेच भाऊ, बहीण नाही.

वकीलीणबाई | ११ जानेवारी, रात्री ९:०२

मग तो फ्लॅट तुमचा नाही. तुमचा एक तृतीयांश आहे. एक आईचा, एक भावाचा.

अर्धवटराव | ११ जानेवारी, रात्री ९:०५

अरे देवा. मी फक्त स्वतःपुरतं विचारलं होतं हो.

वकीलीणबाई | ११ जानेवारी, रात्री ९:३३

घाईत जरा तुटक लिहिलं, माफ करा. वडिलांच्या स्वकमाईचा फ्लॅट असं धरून बोलतेय. सोसायटीने नाव लावलं ते तिच्या सोयीसाठी, कुणाला तरी सभासद मानून बिल पाठवायचं असतं म्हणून. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये १५४ब कलमांचं प्रकरण आलं. त्यात तर स्पष्टच आहे, की वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. बिलं भरल्याने मालकी येत नाही. ती रक्कम वाटणीच्या वेळी हिशेबात मागू शकता, एवढंच.

त्यामुळे मुलाला बक्षीसपत्र करणार म्हणालात, ते तुमच्या एक तृतीयांशापुरतंच होईल. पूर्ण फ्लॅटाचं करून दिलंत, तर उद्या तुमच्या मुलाला काकाच्या विरोधात कोर्टात उभं राहावं लागेल. विकायला काढलात, तर शहाणा खरेदीदार वडिलांचा मृत्यूचा दाखला बघून पहिला प्रश्न हाच विचारेल.

मोकळा_श्वास | १२ जानेवारी, सकाळी ११:२०

मी थोडं वेगळं मत मांडतो. कोर्टकचेऱ्यांची एवढी भीती कशाला घालायची? आई आणि भावाकडून हक्कसोडपत्र नोंदवून घ्यायचं, मग फ्लॅट मुलाला बक्षीस द्यायचा. आपल्या राज्यात मुलाला, मुलीला, बायकोला, नातवंडांना राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये, वर स्थानिक संस्थेचा एक टक्का अधिभार. प्राप्तिकर शून्य. आपल्या डोळ्यांदेखत मुलांना मिळालेलं बरं. मी गेल्या वर्षी करून मोकळा झालो, झोप छान लागते.

खिडकीतली_मनी | १२ जानेवारी, दुपारी ३:४८

मोकळा_श्वास, तुमची झोप अशीच टिको. आमच्या शेजारच्या आजोबांनीही हेच केलं होतं. आता ते त्याच घरात मागच्या खोलीत असतात आणि टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून ओरडा खातात. घर त्यांनी बांधलेलं. एवढंच सांगते.

मला लिहायचं होतं ते वेगळं. माझे यजमान २०२३ मध्ये अचानक गेले, वय ५४. मृत्युपत्र नव्हतं, पण बहुतेक ठिकाणी नॉमिनी मी. त्यामुळे पैसे मिळाले, हळूहळू. पण पहिल्या महिन्यात मी काय केलं सांगू? त्यांच्या मोबाइलला रिचार्ज करत राहिले. कारण सगळे ओटीपी त्या नंबरवर. विम्याची पॉलिसी ईमेलवर, ईमेलचा पासवर्ड त्यांच्या डोक्यात. फोन उघडायचा चार आकडी पिन मुलाने पाचव्या प्रयत्नात ओळखला, आमच्या लग्नाचं साल. तो आकडा बरोबर आला तेव्हा मी रडले, आणि एका मिनिटात पुन्हा बँकेचे एसएमएस वाचायला लागले. दोन्ही एकाच खुर्चीत.

एका बँकेत त्यांची एफडी होती, नॉमिनी मी, तरी तिथल्या साहेबांनी वारस प्रमाणपत्र आणा म्हणून तीन महिने फिरवलं. नॉमिनी असताना ते लागत नाही, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. माझं आधारवर सासरचं नाव आणि एफडीच्या फॉर्मवर माहेरचं, त्यावरून आणखी एक महिना गेला. आणि हो, एका भल्या माणसाने सांगितलं होतं, “वहिनी, एटीएम कार्ड आहे ना, काढून घ्या पैसे, कुणाला कळतंय.” कृपा करून असं कुणी करू नका. माणूस गेल्यावर त्याच्या खात्यातून काढलेला रुपया पुढे बाकीच्या वारसांसमोर चोरीसारखा दिसतो.

त्यांचं त्या वर्षीचं रिटर्नही मीच भरलं, वारस म्हणून पोर्टलवर नोंद करून. एप्रिलपासून गेले त्या दिवसापर्यंतचं उत्पन्न त्यांच्या नावावर, त्यापुढचं माझ्या. हे करावं लागतं हेसुद्धा नोटीस आल्यावर कळलं.

उत्तरायण | १२ जानेवारी, रात्री १०:१०

ताई, काय बोलावं सुचत नाही. हे इथे लिहिलंत, खरंच आभार.

टीडीएस_काका | १३ जानेवारी, सकाळी ६:५०

मनीताई, लोकांच्या उपयोगाचं म्हणून एक जोडतो. रिझर्व्ह बँकेने गेल्या सप्टेंबरात मृत खातेदारांच्या दाव्यांसाठी नवे निर्देश काढलेत. कागद पूर्ण असतील तर १५ दिवसांत निकाल लावायचा, उशीर झाला तर बँकेने भरपाई द्यायची. बँकांना त्यासाठी ३१ मार्चपर्यंत मुदत दिलीय. आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात, टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक. लॉकरला फक्त एकामागून एक. म्युच्युअल फंड आणि डीमॅटला दहापर्यंत.

वारसा कराबद्दल. हा कर आपल्याकडे होता. १९५३ साली आला, चढत जाऊन वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता. गोळा होणारा पैसा किरकोळ आणि भांडणं मात्र डोंगराएवढी, म्हणून १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना तो बंद झाला. बक्षीस कर १९९८ मध्ये गेला, संपत्ती कर २०१५ च्या बजेटने. आज मृत्युपत्राने किंवा वारशाने आलेल्या मालमत्तेवर, ती येताना, एक रुपयाही कर नाही. उद्या येईल की नाही हे सांगायला मी ज्योतिषी नाही. पण न आलेल्या कराच्या भीतीने असलेलं घर देऊन टाकणं म्हणजे पाऊस येईल म्हणून आधीच भिजून घेण्यासारखं झालं.

वकीलीणबाई | १३ जानेवारी, दुपारी २:१५

काकांना +१.

मोकळा_श्वास, तुमचं बक्षीसपत्र एकदा काढून वाचा. त्यात ‘मुलगा आमचा सांभाळ करील’ अशी अट लिहिली आहे का? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं २३ वं कलम अशा अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडली तर, परत मिळवून देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये त्याचा ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला. पण त्याआधी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं होतं, की अट असल्याचं दिसलं पाहिजे, नुसतं प्रेमाने दिलं असेल तर हे कलम लागत नाही. त्यामुळे अट शब्दांत हवी. बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की मन बदललं म्हणून फिरवता येत नाही. मृत्युपत्र तुम्ही मरेपर्यंत रोज बदलू शकता. साठीत मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, साध्या कागदावर चालतं. दोन साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं आणि त्यांनीही सही करायला हवी. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि ज्यांना काहीच मिळणार नाही असे घ्या. डॉक्टर असला तर उत्तम, शुद्धीत होता की नव्हता हा वाद तिथेच संपतो. मी तरी नोंदणी करून घ्या म्हणते, दुय्यम निबंधकाकडे अर्ध्या दिवसाचं काम. मुंबईकरांना पूर्वी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का, सक्तीचं असायचं, ते भारतीय उत्तराधिकार कायद्याचं २१३ वं कलम संसदेने गेल्याच महिन्यात काढून टाकलं. वाद असेल तिथे प्रोबेट घेणं अजूनही शहाणपणाचं आहे, पण सक्ती गेली.

दूरदेशी | १३ जानेवारी, रात्री ११:५५ (तुमच्याकडे मध्यरात्र, माझ्याकडे दुपार)

धागाकर्त्यांची मुलगी परदेशात आहे म्हणून लिहितो. तिला मृत्युपत्राने काही द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण घर देण्याऐवजी पैसे किंवा फंड दिलेत तर तिचा त्रास वाचेल. घरावर इंडेक्सेशनसकट २० टक्के किंवा त्याशिवाय १२.५ टक्के, यातलं कमी ते निवडायची मुभा फक्त निवासींना आहे. अनिवासीला थेट १२.५. शिवाय खरेदीदार टीडीएस भरघोस कापतो. कमी कापायचं प्रमाणपत्र मिळवायला मी चार महिने घालवले, इकडून रात्रीचे फोन करून. एनआरओ खात्यातून, म्हणजे अनिवासींच्या इथल्या रुपयांच्या खात्यातून, वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, ती अडचण नाही. अडचण मुखत्यारपत्र, वकिलातीचे शिक्के आणि सुट्ट्यांची. शेतजमीन असेल तर अनिवासीला वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. तेवढं लक्षात असू द्या.

कागदवेडी | १४ जानेवारी, सकाळी ९:३०

धाग्याचं नाव कराचं आणि चर्चा मालकीची, पण मला वाटतं गाडी बरोबर रुळावर आलीय. तरी उत्तरायणकाका, वहीत फ्लॅटाचा कर कसा काढलाय ते सांगा बरं. आकडे आले की आम्हाला चेव येतो.

उत्तरायण | १४ जानेवारी, दुपारी १२:४५

वडिलांनी १९९६ मध्ये ४ लाखांना घेतलेला. आज साधारण ९० लाख येतील. करारनामा मला सापडत नाही, पण किंमत त्यांच्या तोंडून पाठ आहे. इंडेक्सेशन गेलं असं समजून मी ८६ लाखांवर १२.५ टक्के, म्हणजे पावणेअकरा लाख कर काढला होता.

कागदवेडी | १४ जानेवारी, दुपारी ४:२२

तीन गोष्टी चुकल्यात, त्यातल्या दोन तुमच्या फायद्याच्या.

वारशाने आलेल्या घराची खरेदी किंमत म्हणजे मूळ मालकाने दिलेली किंमत, आणि ताबाही त्याच्या खरेदीपासून मोजतात. इथवर तुमचं बरोबर. पण घेतलेलं घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल, तर त्या दिवशीचं बाजारमूल्य धरता येतं, फक्त ते त्या वेळच्या रेडी रेकनरच्या, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीच्या सरकारी दराच्या, वर नको. सरकारमान्य मूल्यांककाकडून अहवाल घ्या. समजा ते ६ लाख निघालं.

मग दोन रस्ते. इंडेक्सेशनशिवाय ८४ लाखांवर १२.५ टक्के, १०,५०,००० रुपये. इंडेक्सेशनने ६ लाखांचे या वर्षीच्या ३७६ या महागाई निर्देशांकाने (२००१-०२ चा १०० धरून) २२.५६ लाख होतात, नफा ६७.४४ लाख, २० टक्क्यांनी १३,४८,८००. म्हणजे तुमच्या बाबतीत ज्या शब्दासाठी वहीत टिंबं दिलीत, तो काही कामाचाच नाही! जुन्या, खूप वाढलेल्या घरांना १२.५ च बरं पडतं. याउलट माझ्या बहिणीने २०१२-१३ मध्ये ६० लाखांना घेतलेलं घर आज १ कोटीला गेलं, तर इंडेक्सेशनने किंमत ११२.८० लाख होते आणि कर शून्य. बिनइंडेक्सेशनने ५ लाख बसला असता. ज्याचं घर कमी वाढलं त्याला तो शब्द प्यारा.

तिसरी चूक वर वकीलीणबाईंनी दाखवलीच. हा सगळा नफा तुमच्या एकट्याचा नाही.

टीडीएस_काका | १४ जानेवारी, संध्याकाळी ७:०५

आणि तिसरी चूक सुधारली की कर वाढत नाही, कमी होतो! एकट्याच्या नावावर ८४ लाख नफा दाखवला, तर उत्पन्न ५० लाखांवर गेल्याने करावर १० टक्के अधिभार. वर ४ टक्के उपकर. १०.५० लाखांचे १२,०१,२०० होतात. तिघांत विभागलं तर प्रत्येकाचे २८ लाख, अधिभार कुणालाच नाही. आईंचं दुसरं उत्पन्न नसेल, तर नवीन पद्धतीतली ४ लाखांची मूळ सूट त्यांच्या नफ्यातून आधी वजा होईल, त्यांचा कर ३ लाखांवर येईल. तुम्हाला दुसरं घर घ्यायचं असेल किंवा सहा महिन्यांत ५४ईसी रोख्यांत (घराच्या नफ्यावरचा कर वाचवणाऱ्या) पैसे ठेवायचे असतील, तर तेही तिघांना स्वतंत्र.

पण मी म्हणेन विकू नका. भाडं येऊ दे.

कागदवेडी | १४ जानेवारी, संध्याकाळी ७:४०

काका, तीस वर्षांच्या इमारतीचं भाडं आणि दुरुस्तीचा खर्च यांचा हिशेब तुम्ही कधी मांडलेला दिसत नाही. तिघांच्या मालकीच्या घराची गळती कुणी काढायची यावर मी आमच्याकडे दोन दिवाळ्या अबोला पाहिलाय.

करारनामा हरवला तर घाबरू नका. दुय्यम निबंधकाकडून नोंदणीची प्रमाणित प्रत आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सारांश उतारा, मिळतो. साल आणि पक्षांची नावं सांगता आली पाहिजेत.

मोकळा_श्वास | १५ जानेवारी, सकाळी १०:०२

बक्षीसपत्र काढून वाचलं. अट नाही. बघू.

उत्तरायण | २६ जानेवारी, रात्री ९:१५

बारा दिवस गप्प होतो, कारण लिहिण्याआधी भावाशी बोलायचं होतं आणि बोलायला तोंड उघडेना. सहा वर्षं मी ‘माझा फ्लॅट’ म्हणत होतो, त्याच्यासमोरसुद्धा. त्याने कधी हरकत घेतली नाही. गेल्या रविवारी गेलो. आईसमोरच सांगितलं, की हा फ्लॅट आपल्या तिघांचा आहे, मला कळायला उशीर झाला.

तो म्हणाला, “मला माहीत होतं. तू बिलं भरत होतास म्हणून बोललो नाही.” मग उठून आईची ट्रंक उघडली. तळाशी साडीच्या घडीत प्लास्टिकची पिशवी, त्यात १९९६ चा करारनामा, मुद्रांकासकट. किंमत ४ लाख नव्हती. ३,८५,००० होती, आणि खाली वडिलांनी पेन्सिलीने ‘अधिक १५,००० पार्किंग’ असं लिहिलेलं. मी जो कागद तीन कपाटांत शोधत होतो, तो त्याच्या घरी होता, आणि त्याला वाटत होतं मूळ कागद माझ्याकडे आणि ही झेरॉक्स. आईने मधे विचारलं, “विकताय का?” आम्ही दोघेही नाही म्हणालो. सध्या तरी.

त्याच आठवड्यात ऑफिसातून माझी जुनी फाइल मागवली. पीएफचा नॉमिनी फॉर्म १९९० चा, नॉमिनी आई, माझी सही शाळकरी पोराची वाटावी अशी. लग्न १९९४ चं. म्हणजे बत्तीस वर्षं माझ्या सगळ्यात मोठ्या रकमेवर—

वकीलीणबाई | २६ जानेवारी, रात्री ९:२१

—लग्न झाल्याक्षणी रद्द झालेलं नामनिर्देशन होतं. ऑनलाइन नवीन भरा, आजच. ग्रॅच्युइटीचा वेगळा फॉर्म असतो, तोही.

उत्तरायण | २६ जानेवारी, रात्री ९:५८

भरला, ताई. बायकोचा फोटो चढत नव्हता, मुलाने आकार कमी करून दिला. ग्रॅच्युइटीचा उद्या ऑफिसात.

मृत्युपत्राचा मसुदा बायकोबरोबर बसून लिहितोय. राहतं घर तिला पूर्ण. जुन्या फ्लॅटातला माझा तृतीयांश मुलाला, फंड मुलीला, दूरदेशींचं ऐकून. लाल वहीत मागच्या पानावर खाती, पॉलिसी आणि फोनचा पिन लिहिलाय, मनीताई. वही कुठे ठेवलीय ते बायकोला आणि मुलाला दोघांना दाखवलं.

आता एकच अडकलंय. आईच्या नावाने फ्लॅटाच्या भाड्याचा तिसरा हिस्सा जमा करायचा तर तिचं पॅन चालू हवं. पॅन आहे, पण आधारशी जोडल्याचं कुणालाच आठवत नाही. बंद पडलं असेल का?

टीडीएस_काका | २६ जानेवारी, रात्री १०:०६

नाही. ऐंशी पूर्ण केलेल्यांना त्या जोडणीची सक्ती नाही. पॅनवरची जन्मतारीख मात्र तपासा. त्या पिढीत निम्म्या लोकांची १ जून असते.